नावाडी शेवटी चढतो

सावळारामच्या उजव्या हाताविषयी आधी सांगितले पाहिजे. पुढे जे वैर माजले आणि जी सफर घडली, त्या दोहोंचे मूळ त्या हातात आहे.

काळू नदीच्या काठी, टोकावड्यापासून आडबाजूला त्याचे गाव. गावापाशी नदीवर पूल नव्हता तेव्हा गावाची एक होडी होती आणि ती हाकण्याचा मान सावळारामच्या घराण्याकडे होता. मोबदला म्हणून सुगीनंतर प्रत्येक खळ्यावरून त्याच्या घरी भात पोचे. होडीत चढण्याची एक रीत ठरलेली होती. नावाडी गुडघाभर पाण्यात उभा राही, डाव्या हाताने होडीचे तोंड धरी आणि उजवा हात पुढे करी. प्रत्येकाने तो हात धरूनच होडीत पाऊल ठेवायचे. सगळे बसले की होडी ढकलून नावाडी स्वतः शेवटी चढे. भांडणतंटा काठावरच ठेवून यायचा, हाही त्या रीतीचाच भाग. बांधावरून ज्यांच्याशी सावळारामची कोर्टकचेरी चालू होती, त्या भावकीलाही त्याने मुकाट्याने हात दिला. अडलेल्या बाळंतिणीला दिला, साप चावलेल्याला दिला, ताडी पिऊन त्यालाच शिव्या घालणाऱ्यालाही दिला. तीर्थ या शब्दाचा जुना अर्थ नदी ओलांडण्याची जागा असा आहे. देवळे आणि घाट मागाहून आले. त्या जुन्या अर्थाने हा मनुष्य एका तीर्थाचा पुरोहित होता. त्याच्यापाशी मंत्र नव्हता, नुसता हात होता.

तो हात त्याने उभ्या जन्मात एकाच माणसाला नाकारला. ते माणूस म्हणजे त्याची मुलगी चंदा.

चंदा मुरबाडला राहून आरोग्यसेविकेचे शिक्षण घेत होती. तिथे तिला रत्नदीप भेटला. तो किन्हवलीकडचा, वीजमंडळात खांबावर चढून तारा ओढणारा, बौद्ध घरातला. दोघांनी कल्याणला जाऊन नोंदणी पद्धतीने लग्न केले. श्रावणात ती घरी आली आणि चुलीपुढे बसून तिने आईवडिलांना ते सांगितले. आई सोमी रडली. सावळारामने पुढ्यातले ताट सारले आणि तो उठून गेला.

दुसऱ्या दिवशी चंदा परत निघाली. नदी दुथडी भरून चालली होती. बाजाराला निघालेली गावची माणसे एकेक करून होडीत चढत होती आणि रांगेत शेवटी चंदा होती. तिची पाळी आली तेव्हा तिने हात पुढे केला. सावळारामने आपला उजवा हात धोतराला पुसला, पाठीमागे नेला, आणि डाव्या हाताने होडी ढकलून तो आत चढला. होडीतून कोणीतरी म्हणाले, "आरं सावळ्या, पोर ऱ्हायली." त्याने मागे पाहिले नाही.

चंदा रानातून नदीच्या वरच्या अंगाला दूर असलेल्या पुलापर्यंत चालत गेली. एक चप्पल चिखलात गेली, तेव्हा दुसरी तिने स्वतः फेकून दिली. टोकावड्याला पोचली तेव्हा दिवस मावळला होता. त्यानंतर बापलेकीचे बोलणे बंद झाले. पुढे गावापाशीही नदीवर पूल बांधला गेला. गावाची होडी काठावर उपडी पडून कुजली. सोमी वारली. ज्या घाटावर सावळारामवाचून कोणाचे चालत नसे, त्याच्यावरून मोटारसायकली धुरळा उडवीत जाऊ लागल्या आणि नावाडी नुसता म्हातारा उरला.

वैर इथेच विझले असते. परंतु एका सकाळी सावळाराम घराच्या ओट्यावरून पडला आणि त्याचे कमरेचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, हाड जुळले, पण पायांत बळ आले नाही. कशाचा तरी आधार घेऊन तो क्षणभर उभा राही, फार तर दोन पावले टाकी, मग पाय विझल्यासारखे मुडपत. मुलगा जगन याचे घर चढावर, ओटा छातीएवढा उंच, शौचालय परसात. चंदाचे घर आटगावला, स्टेशनापासून जवळ, तळमजल्यावर. ती स्वतः रोग्यांना उचलण्याबसवण्यात मुरलेली. जगनने एक जीप केली, म्हाताऱ्याला तिच्या दारात आणले आणि म्हणाला, "महिनाभर ठेव गो." तो महिना संपल्याचे जगनला पुढे कधी आठवले नाही.

त्या घरात दिवस उजाडे तो कलहाने.

"चहा गार हाय."

"गरम व्हता तवा भिंतीकडं तोंड करून बसलेलात."

"साखर नाय यात."

"साखर तुमच्या रगतात हाय आबा. तिकडून घ्या."

रत्नदीप हे ऐकत दाढी करी आणि आरशातल्या स्वतःलाच सांगे, "सुरू झालं बघ आकाशवाणीचं केंद्र." एके काळी सासऱ्याला त्याच्या घरचे पाणी चालत नव्हते. आता त्याच्या खांद्यावर हात टाकून सासरा न्हाणीघरात जाई आणि तरीही, साबण डोळ्यांत गेला की, "तुजा हात खांबावरचा हाय रे, मानसावरचा नाय," असे सुनावी. रत्नदीप म्हणे, "खांब बोलत नाय मामा, म्हणून आवडतो मला."

या सगळ्यात एक गोष्ट चंदाने पहिल्याच आठवड्यात हेरली होती. म्हातारा रत्नदीपचा खांदा धरी, नात श्वेता हिचा दंड धरी, दाराची चौकट, खिडकीचे गज, पडद्याची दोरी, काहीही धरी. फक्त चंदाने पुढे केलेला हात तो धरीत नसे. हात दिसला की त्याची नजर वळे आणि मूठ आवळली जाई. मग चंदा पाठीमागून जाई, त्याच्या काखांत हात घाली आणि भाताचे पोते उचलावे तसा त्याला उचली. एवढी वर्षे लेकीने बापाला असेच पाठीमागून उचलले होते. त्याचा अर्थ तिने एकच लावला होता. ज्याच्याशी लग्न केले त्याचा खांदा आता चालतो, पण जिने केले तिचा हात अजूनही विटाळलेला आहे.

हा अर्थ पोटात घेऊन ती नोकरीवर जाई आणि परत येई. अशा माणसाच्या हातून प्रेमाची कृत्येसुद्धा शस्त्रासारखी घडतात. एका सकाळी मोबाईलवर तिला एका मोठ्या प्रवासी जहाजाची जाहिरात दिसली. मुंबई ते गोवा आणि परत. व्हीलचेअरवरच्या ज्येष्ठांसाठी खास खोल्या, असे त्यात लिहिले होते. ती जाहिरात तिने वडिलांच्या नाकासमोर धरली.

"आबा, क्रूझला जायचं. सगळ्यांनी."

"काय हाय ते?"

"बोट. आपल्या आटगावच्या स्टेशनाएवढी."

सावळारामने चष्म्यातून पाहिले आणि पडद्यावरचे ते पांढरेशुभ्र धूड न्याहाळले. "ही बोट नाय. ही चाळ हाय, पान्यात सोडलेली."

"चाळ तर चाळ. तुमी बसनार तिच्यात."

"मी कुनाच्या होडीत बसत नाय. माजं मढं न्या."

"मढ्यांची सोय नाय तिथं. विचारलंय मी." तिने मोबाईल खाली ठेवला. तिचा आवाज चढला नव्हता, म्हणून तो अधिक झोंबला. "तुमी मला नदी उतरवली नाय. मी तुमाला समुद्र दाखवनार. आनि मरंपर्यंत बोलून दाखवनार."

म्हातारा भिंतीकडे वळला. श्वेता ताटातली भाकरी तशीच ठेवून म्हणाली, "आई, लोकं आजोबांना फिरायला नेतात. तू काय शिक्षा सुनावतेस?"

"दोनी," चंदा म्हणाली.

सफरीची तयारी म्हणजे वास्तविक आनंदाचा पूर्वरंग. या घरात ती सैन्याच्या हालचालींसारखी झाली. कल्याणच्या एका एजंटाशी चंदा फोनवर बोले आणि सावळाराम आतल्या खोलीतून तिच्या प्रत्येक वाक्याला उत्तर देई. फोन तिने मुद्दाम मोठ्या आवाजावर ठेवलेला असे.

"मॅडम, पेशंट पायऱ्या चढतात का?" एजंट विचारी.

"चढतो!" आतून आवाज येई. "सोर्गाच्या!"

"नाही चढत," चंदा सांगे. "दार रुंद हवं. खुर्ची आत गेली पाहिजे. न्हाणीघराला उंबरा नको आणि भिंतीला धरायला दांडी हवी."

"अशी खोली आहे, मॅडम. पण तिला खिडकी नाही. आतल्या बाजूची आहे."

"मग नको. खिडकीवाली बघा. त्यांना पाणी दिसलं पाहिजे."

"मला नाय बघायचं पानी!"

"दिसलं पाहिजे," ती पुन्हा म्हणाली.

रत्नदीपने त्या दिवशी जेवताना तिला विचारले, "तुला त्यांना फिरवायचंय की हरवायचंय?"

"हरवायचंय."

"मग गोव्यापर्यंत कशाला? अंगणात रोज हरवतेस की." मग तो जरा नरमून म्हणाला, "चंदे, हरलेला मानूस घरी आणून पुन्हा आपल्यालाच सांभाळायचाय. ते बघ."

जहाजाच्या नियमाप्रमाणे डॉक्टरांचा दाखला लागणार होता. शहापूरच्या दवाखान्यात सावळारामने आपले सारे नाट्यकौशल्य पणाला लावले. तो बहिरा झाला, नंतर त्याला घेरी आली, नंतर छातीत कळ आली, ती डॉक्टरांनी हात लावताच पोटात सरकली. अखेर त्याने शेवटचे अस्त्र काढले.

"डाक्टर, मला पान्याची भीती वाटते."

चंदा मोठ्याने हसली. त्या हसण्यात दया नव्हती. बाहेर बाकावर बसलेल्या बायकांनी आत डोकावून पाहिले.

"पान्याची? काळूच्या पुरात उभं ऱ्हायाचात तुमी. झाडं वाहून जायची, तुमी हलत नव्हतात. तुमाला पान्याची भीती नाय आबा. तुमाला माजी लाज वाटते. चारचौघांत, माज्यासंगं."

सावळारामने काहीतरी बोलण्यासाठी तोंड उघडले. डॉक्टर, मुलगी, दारातल्या बायका अशी सगळ्यांवरून त्याची नजर फिरली आणि त्याने तोंड मिटले. वृद्धांच्या मौनाचे अनेक प्रकार असतात. काही मौने तिरस्काराची असतात आणि काही, ज्याला शब्दच सापडत नाहीत अशा अपराधाची. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. चंदाने ते पहिल्या प्रकारचे मानले. डॉक्टरांनी दाखला दिला.

एजंटाने आणखी एक अट सांगितली होती. खुर्चीवरच्या माणसाला खुर्चीतून पलंगावर आणि पलंगावरून खुर्चीत जाता आले पाहिजे, घरच्या एका माणसाच्या मदतीने. जहाज हलत असते. पाठीमागून पोत्यासारखे उचलणे हलत्या जमिनीवर धोक्याचे, हे चंदाला कोणी सांगायला नको होते. म्हणून रविवारी सकाळी तिने अंगणात बाज टाकली, बाजेसमोर व्हीलचेअर लावली, चाकांचे ब्रेक दाबले आणि ती समोर उभी राहिली.

"आबा, हात द्या. एक, दोन, तीन म्हनते. उठायचं, वळायचं, बसायचं."

सावळारामने खुर्चीच्या दांड्या धरल्या.

"दांडी नाय. हात."

त्याने बाजेची कड धरली. बाज सरकली.

"हात!"

त्याने श्वेताची ओढणी धरली. ओढणी सुटली आणि तो खुर्चीत आदळला. शेजारच्या घरातून कोणीतरी खिडकी लावून घेतली. चंदाचा पुढे केलेला हात तसाच होता.

"रत्नदीपचा खांदा चालतो," ती म्हणाली. "ज्याच्या घरचं पानी चालत नव्हतं, त्याचा खांदा चालतो. पोरीची ओढणी चालते. बाजेचं लाकूड चालतं. माजाच हात नाय. मी रोज परक्यांची घान साफ करते, त्यांना नाय वाटत माजा हात घान. तुमालाच वाटतो."

"चंदे, तसं नाय गो..."

"मग कसं? सांगा ना. कसं?"

म्हातारा मुठी मांडीवर ठेवून बसला. अंगणातल्या शेवग्याकडे पाहत तो म्हणाला, "तू व्हय बाजूला. रत्नदीपला बोलव."

ते वाक्य चंदाच्या मनात कायमचे जाऊन बसले. ती आत गेली, हात धुऊन आली आणि अतिशय शांतपणे तिने निकाल दिला. तिकिटे काढली आहेत. बंदरापर्यंत सगळे जातील. जहाजाच्या दारात ती एकदा हात पुढे करील, एकदाच. बापाने तो धरला तर ठीक. नाही धरला, तर जी गाडी त्यांना मुंबईला नेईल तीच त्याला तिथूनच टोकावड्याला, जगनच्या ओट्यावर नेऊन सोडील. त्यानंतर तिचे दार त्याला बंद.

"जगनच्या पायऱ्या?" श्वेता म्हणाली. "आई, ते तिथं जगणार नाहीत."

"मी चालत गेले व्हते. जगले."

सावळाराम सगळे ऐकत होता. त्याने एवढेच विचारले, "बोटीत चढायला पानी केवढं?"

"पानी नाय लागत. पूल असतो लोखंडी. तिरका."

"आनि मानसं चढतात कशी? रांगेनं?"

"रांगेनं."

"बरं," तो म्हणाला आणि त्याने डोळे मिटले. पुढचे सगळे दिवस त्याने चहाच्या गारठ्याबद्दलदेखील तक्रार केली नाही. चंदाला ती शांतता भांडणापेक्षा जास्त टोचली. म्हातारा जगनकडे जाण्याची तयारी करतो आहे, असे तिला वाटले. तिने त्याची औषधे दोन पिशव्यांत भरली. एक जहाजासाठी आणि एक जगनच्या घरासाठी.

निघायच्या दिवशी सावळारामने धोतर नेसण्याचा हट्ट धरला. जहाजावर वर जाताना धोतर चाकात अडकेल, म्हणून चंदाने विजार काढून ठेवली होती. त्यावरून शेवटचे भांडण झाले आणि म्हातारा जिंकला. रत्नदीपने धोतर नेसवून दिले. नेसवताना तो पुटपुटला, "वीजमंडळात हे शिकवलं नव्हतं."

बंदरावर गर्दी होती. तपासणीची यंत्रे, चाकांच्या बॅगा, टोप्या घातलेली नवी जोडपी, नातवंडांना ओढणाऱ्या आज्या. सगळे पार करून ती चौघे जहाजाच्या बाजूला आली. समोर लोखंडी कठड्यांचा तिरका पूल होता आणि त्याच्या तोंडाशी गणवेशातली एक तरुणी उभी होती. व्हीलचेअर पाहताच ती लगबगीने पुढे आली.

"बाबा, आप पहले. व्हीलचेअरवाले सबसे पहले जाते हैं."

चंदा पुढे झाली. तिने औषधांच्या दोन्ही पिशव्या श्वेताच्या हातात दिल्या, पदर खोचला आणि बापासमोर हात धरला. एवढ्या लोकांत, न बोलता, एकदा.

सावळारामने त्या हाताकडे पाहिले. मग खाली वाकून त्याने खुर्चीच्या चाकांचे ब्रेक स्वतःच दाबले.

"मी पयला नाय चढनार," तो म्हणाला.

चंदाचा हात खाली आला. "झालं," ती रत्नदीपला म्हणाली. "ड्रायव्हरला फोन कर. जायला नको त्यानं."

"थांब जरा," रत्नदीप म्हणाला.

"काय थांब? बघितलंस ना?"

परंतु रत्नदीप म्हाताऱ्याकडे पाहत होता. सावळारामने खुर्चीचे ब्रेक सोडले होते. दोन्ही हातांनी चाके रेटून तो पुलाच्या तोंडाशी, कठड्याला लागून आला आणि तिथे त्याने पुन्हा ब्रेक दाबले. डाव्या हाताने त्याने लोखंडी कठडा धरला, एके काळी होडीचे तोंड धरी तसा. मागे रांग खोळंबली होती, कोणी कुरकुरत होते. म्हाताऱ्याने उजवा हात पुढे केला आणि काळूच्या काठावर ऐकू जाईल अशा आवाजात हाक दिली.

"चला, चला! एकेक. घाई नाय. होडी कुठं जात नाय."

गणवेशातली तरुणी गोंधळली. रांगेतल्या पहिल्या आजीने मात्र क्षणाचाही विचार केला नाही. तिरक्या पुलाकडे बघून ती भ्यालीच होती. तिने तो हात धरला, पाऊल वर टाकले आणि "जुग जुग जियो" असे काहीसे म्हणत ती पुढे गेली. तिच्यामागून तिचा नवरा. मग एक जोडपे, हसत. मग एक लहान मुलगी, जिने हात धरला आणि सोडायला नकार दिला. मग एक जाडजूड गृहस्थ, मोबाईलवर बोलणारे. त्यांनी न पाहताच हात झिडकारला, तेव्हा सावळारामने खेकसून त्यांना थांबवले, "ओ शेठ! हात धरून!" आणि ते खरोखर मोबाईल खिशात घालून हात धरून चढले. सबंध रांग त्या हातावरून गेली. कोणी त्याला जहाजाचाच माणूस समजले, कोणी वेडा. म्हातारा प्रत्येकाला तेच सांगत होता, "संबाळून. पाऊल मधी टाका."

चंदा बाजूला उभी राहून हे पाहत होती. लहानपणी ती काठावरच्या दगडावर बसून हेच पाही. तेव्हा हात काळा कुळकुळीत होता, आता सुकलेल्या वेलासारखा. रीत मात्र बदलली नव्हती. बाप चढायला नकार देत नव्हता, हे आता तिच्या लक्षात आले. नावाडी शेवटी चढतो.

श्वेता चढली. आजोबांचा हात धरून तिने मागे आईकडे पाहिले. मग रत्नदीप आला. सावळारामने त्याच्याकडे हात केला. एवढी वर्षे त्याने रत्नदीपचा आधार घेतला होता, त्याला दिला आज पहिल्यांदाच. "मामा, खांबावरचा हात हाय माजा," रत्नदीप म्हणाला.

"चढ रे मुकाट्यानं."

रांग संपली. राहिली ती एकटी चंदा. सावळारामने तळहात धोतराला पुसला. चंदाने ते पाहिले आणि तिचा चेहरा राखेसारखा झाला, कारण त्या दिवशीही त्याने असाच पुसला होता. परंतु पुसलेला हात या वेळी पाठीमागे गेला नाही. तो तिच्यासमोर आला आणि तिथेच राहिला.

चंदा हलली नाही. तिने आपले दोन्ही हात पाठीमागे बांधले.

"मी रानातनं गेले," ती म्हणाली. "पायी."

"ठाव हाय."

"दिवसभर."

"ठाव हाय म्हनलं ना." म्हाताऱ्याने अधांतरी धरलेला हात खाली घेतला नाही. "दुसऱ्या दिशी गेलो व्हतो मागावर. चप्पल घावली. एकच."

"आनि कधी बोलला नाय."

"काय बोलनार? ज्येला हात दिला नाय, त्येचा घ्यायचा कसा? तोंड हाय मला?" मग, जणू एवढे बोलल्याचा राग आल्यासारखा, तो ओरडला, "चढ आता! होडी खोळंबलीय! का हिथंच मारतेस मला उन्हात?"

"मारायलाच आनलंय," चंदा म्हणाली. तिने पाठीमागचा उजवा हात सोडवला, तो त्या हातावर जोराने आपटला, मारल्यासारखा, आणि धरला. धरून ती पुलावर चढली.

काठावर आता रांगेतले कोणी नव्हते. चंदा पुलावर वळली. गणवेशातली तरुणी खुर्चीमागे येऊन उभी राहिली होती. चंदाने वाकून हात पुढे केला, तोच हात, अंगणात रिकामा राहिलेला.

सावळारामने त्याच्याकडे पाहिले, नजर वळवली नाही, आणि तो धरला. तरुणीने मागून खुर्ची ढकलली आणि चंदा बापाचा हात धरून उलट्या पावलांनी चढ चढू लागली.

"नीट धर," म्हातारा म्हणाला. "मी आजवर कुनाला पाडलं नाय."

"मला चढवलंच नव्हतं. पाडनार कुठनं?"

"जीभ आयशीची हाय तुजी."

"आनि हट्ट कुनाचा?"

असे भांडत ती दोघे जहाजाच्या दारातून आत गेली. आत गेल्यावर चढ संपला, जमीन सपाट झाली आणि खुर्ची सहज चालू लागली, तरी हात सुटले नाहीत. जगनच्या घरासाठी भरलेली औषधांची पिशवीही श्वेताने आजोबांच्या खुर्चीमागे अडकवली. खिडकीशी खुर्ची लावल्यावर सावळारामने बाहेरचे पाणी बराच वेळ निरखले आणि जाहीर केले की हे पाणी गढूळ आहे, काळूच्या पाण्याची सर याला नाही.

"तुमाला बघायचंच नव्हतं ना?" चंदा म्हणाली.

"आता आनलंसच तर बघतो," तो म्हणाला, "पन चहा सांग. गरम सांग."